आमचे सर आणि आजीची पोथी

आमचे सर २०२३ च्या निज श्रावणात निवर्तले. वय त्र्याण्णव वर्षांचे होते. इतक्या पिकल्या वयात मृत्यू आला असता जे बोलावयाची आपल्याकडे रीत आहे, ते समाचारास आलेल्या मंडळींनी यथासांग बोलून घेतले. "सोने झाले", "कोणाकडून काही करवून घेतले नाही", "असा मृत्यू मागून मिळत नाही." मीही त्यांतलेच काहीतरी बोललो आणि घरी आलो. परंतु जे बोलावयास हवे होते ते माझ्याकडून त्या दिवशीही राहून गेले, आणि ते राहून जाण्याची ही पहिली वेळ नव्हती.

सरांचे नाव मी मुद्दामच घालीत नाही. आपले नाव कोठे छापलेले दिसले की ते आधी त्यातला मुद्रणदोष शोधीत. आणि ज्यांना त्यांची ओळख पटावयाची आहे त्यांना नावावाचूनही पटेल.

ते मूळचे वाईचे. वडील भिक्षुकी करीत. आरंभीचे संस्कृत वाईच्या, १९१६ साली स्थापन झालेल्या, प्राज्ञपाठशाळेच्या छायेत झाले आणि पुढले शिक्षण पुण्यास वार लावून जेवून झाले. सात वारांची सात घरे; त्यांतले शनिवारचे घर कडक उपासाचे. त्यामुळे शनिवारी ओंजळभर साबुदाण्यावर दिवस काढावा लागे. "शनिवारी व्याकरण करावे, काव्य करू नये. काव्याला पोट भरलेले लागते," असे ते आम्हांला पुढे हसत हसत सांगत. ते दिवस त्यांनी कधी दुःखाने सांगितले नाहीत. मात्र त्यांच्या घरी जेवणाच्या वेळी गेलेला विद्यार्थी जेवल्यावाचून परत आला असे मी कधी ऐकले नाही. हे औदार्य सरांचे खरे. पण त्यासाठी शाळेची नोकरी सांभाळून दुपारी दुसऱ्यांदा भात टाकावयाचा तो काकूंनी, ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांच्या ध्यानात फार उशिरा आली. काहींच्या ती अजूनही आलेली नसावी.

मी १९६५ च्या जूनमध्ये कॉलेजात आलो. शंकरशेट शिष्यवृत्ती थोडक्यात हुकल्याचे शल्य उराशी होते, आणि ती हुकली नसतीच तर किती बरे झाले असते असे भेटेल त्याला सांगण्याची हौसही होती. सरांनी पहिल्याच तासाला तो फुगा फोडला. मेघदूतातील एक श्लोक मी खड्या आवाजात म्हणून दाखविला, अर्थही भराभर सांगितला. सर म्हणाले, "छान. आता यातलं क्रियापद कुठं आहे ते दाखवा." मला ते दाखविता येईना. अर्थ मी मार्गदर्शकातून पाठ केलेला होता. मंदाक्रांतेच्या त्या लांबलचक चरणांत शब्द जत्रेतल्या पोरांसारखे पांगलेले असतात. कोणाचा हात कोणाच्या हातात आहे ते आधी पाहावे लागते. "आधी क्रियापद धरा. मग कर्ता आपल्या पायांनी चालत येतो," हे त्यांचे सांगणे. टिपणे ते कधी देत नसत. परीक्षेच्या दृष्टीने हा दोषच होता, आणि पुष्कळ मुले त्यांच्यावर त्यासाठी नाराज असत. उच्चाराच्या बाबतीत तर ते कधी कधी अन्याय म्हणावा इतके कठोर होत. एका मुलीला "श" आणि "ष" यांवरून त्यांनी साऱ्या वर्गादेखत तीनदा म्हणावयास लावले, ते मला त्या वेळीही रुचले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या पोथ्या ताडून पाहण्याच्या कामास हातभार लावीत. १९१७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने हे काम १९१९ मध्ये हाती घेतले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याला शास्त्रीय शिस्त लावली. एका श्लोकाला एक कागद. वर श्लोक, आणि त्याखाली निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ अक्षराखाली अक्षर. काश्मीरची शारदा पोथी, नेपाळी, बंगाली, तेलुगू, मलयाळी, आपली देवनागरी. अशा एकूण १२५९ पोथ्या या कामी लागल्या. जो श्लोक मूळचा नव्हे असे ठरे तो तळटीपेत जाई, मोठा प्रसंग असेल तर परिशिष्टात. आणि जेथे पाठ नक्की ठरत नसे तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढीत. ही रेघ सरांना फार प्रिय होती. आमच्या निबंधांतही एखादे विधान आम्ही छातीठोकपणे करून गेलो की त्याखाली लाल पेन्सिलीची नागमोडी रेघ उमटलेली असे. सुकथनकरांची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज नेहमी खाली येई. महाभारताच्या अर्थावर मुंबईत चार व्याख्याने द्यावयाची, तीन झाली, आणि चौथे देण्यापूर्वीच १९४३ च्या जानेवारीत ते गेले.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी या आवृत्तीच्या पूर्तीचा समारंभ राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत झाला. सर आम्हा चौघा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गेले होते. आम्ही अगदी मागे उभे होतो. दिसले थोडे, ऐकू त्याहून थोडे आले. परंतु आपण काहीतरी मोठ्या गोष्टीचे साक्षी आहोत या जाणिवेने मी इतका भारावलो होतो की नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरलो तो जमिनीपासून चार बोटे वरूनच.

गणपतीचे दिवस होते. घरी आमचा दहा दिवसांचा गणपती. संध्याकाळची आरती नुकतीच झालेली, सारे घर ओसरीवर जमलेले. आणि मी त्या मखरापुढे उभा राहून जाहीर केले की व्यासांनी सांगितले व गणपतीने लिहिले ही कथा मूळ महाभारतातली नव्हे. ती आता परिशिष्टात टाकली आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालते. पण मी पुढे असेही सांगितले की द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही संशोधित पाठात नाही. वस्त्रे मात्र प्रकट होतात, ती तशीच.

वडील रागावले. काका हसले. आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने फक्त एवढे विचारले, "मग मी इतकी वर्षं कोणाला हात जोडत होते?"

आजीचा चातुर्मासाचा नेम होता. दुपारी तीन वाजता श्रीधरांचा पांडवप्रताप काढून ती दोन-चार शेजारणींसमोर वाचावयाची. पोथी तिच्या माहेरची, हाताने लिहिलेली, तिच्या आजोबांच्या अक्षरातली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी वाड्यात शिरले तेव्हा तिने दोनच वस्तू घेऊन माडी गाठली होती. देवांचा संपुष्ट आणि लाल रुमालात बांधलेली ती पोथी. तरीही खालच्या कडेला पाणी लागलेच, आणि वाळल्यावर गढूळ मातीचा एक पट्टा चौसष्टही अध्यायांच्या कडेला कायमचा राहिला. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी तीन वाजले, शेजारणी आल्या, आणि आजीने त्यांना परत पाठविले. पोथी सुटलीच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी ही हकीकत सरांना सांगितली ती काहीशा अभिमानानेच. जुन्या समजुतींना आमच्या घरात कसा धक्का बसला, असा माझा आविर्भाव होता. सरांनी ऐकून घेतले. मग विचारले, "आजींची वाचायची वेळ कोणती?"

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला सर आमच्या दारात उभे. आजीला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि तिने पुढे केलेला पाट बाजूला सारून खाली सतरंजीवर बसले. आजी म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले. आमचं काय, आम्ही आपलं वाचतो झालं." सर म्हणाले, "आजी, हा तुम्हांला अर्धंच सांगून बसला. गणपती आमच्या पुस्तकात आहे. पानाखाली नाही तर मागं, पण आहे. एक अक्षरसुद्धा टाकलेलं नाही."

"मग मागं का बसवलात?"

सर थोडा वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या माहेरी असा कोणी होता का, की जो नात्याचा नव्हता, कधी आला ते कोणाला आठवत नाही, पण घरचाच होऊन राहिला?"

"होता की. आम्ही त्यांना अण्णाच म्हणत असू."

"कुळाच्या वंशावळीत अण्णांचं नाव आहे?"

"ते कसं असेल?"

"पण पंगतीत पान?"

"पहिलं," आजी म्हणाली. आणि मग ती हसली. "म्हणजे तुम्ही नुसती वंशावळ लिहून काढलीत म्हणा की."

"तेवढंच केलं. पंगत तुमच्याकडे. आता वाचा, मी ऐकतो."

आजीने रुमाल सोडला. सर तासभर ऐकत बसले. मधेच त्यांची मान उचलली गेली, आणि अध्याय संपल्यावर त्यांनी भीतभीत विचारले की एक-दोन ओव्या छापील पोथीहून वेगळ्या वाटतात, उतरवून घेऊ का? झोळीतून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. त्या चातुर्मासात ते आणखी दोनदा आले. मातीच्या पट्ट्यावर बोट ठेवून पुराची हकीकत त्यांनी आजीच्या तोंडून ऐकली. मला मात्र परतताना, लकडी पुलावर, एवढेच म्हणाले, "तुला पाठ कळला. ऐकणारं माणूस कळलं नाही." त्या वाक्याखाली नागमोडी रेघ नव्हती.

१९६९ साली मी बी. ए. झालो. मी एम. ए. करावे आणि डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू असलेल्या संस्कृत महाकोशाच्या कामास लागावे अशी सरांची इच्छा होती. माझीही होती. परंतु वडील सेवानिवृत्तीस आले होते, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, आणि एकत्र कुटुंबात थोरल्या मुलाची इच्छा ही चार खर्चांनंतरची बाब असते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढल्या वर्षी मी एका बँकेत चिकटलो. ही गोष्ट सरांना तोंडावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कार्ड टाकले. उलट टपाली उत्तर आले, त्यात दोनच वाक्ये होती. "पत्र पोचले. गुरुवारी ये."

त्या गुरुवारी मी गेलो नाही. पुढल्या गुरुवारी जाऊ म्हटले. तेव्हाही गेलो नाही. जितके गुरुवार लोटत गेले तितके जाणे अवघड होत गेले. नंतर बदल्या सुरू झाल्या. सोलापूर, इंदूर, नागपूर. पुण्यास रजेवर येई तेव्हा सरांच्या रस्त्याने जाण्याचे मी टाळीत असे. आजी १९७९ साली गेली. अखेरच्या वर्षी तिला दिसत नव्हते, पण तीन वाजता पोथी मांडीवर घेऊन ती बसत असे आणि आठवेल तेवढे म्हणत असे.

२००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पुण्यास परतलो. तरीही तीन वर्षे सरांकडे गेलो नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला; कपाटे, ग्रंथ, हस्तलिखिते यांची मोडतोड झाली. त्यामागील वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. वृत्तपत्रे वाचून अनेक माणसे आपण होऊन मदतीस गेली, त्यांत मीही गेलो. विखुरलेली पाने जमा करून लावण्याचे काम चालले होते. आत एका कोपऱ्यात सतरंजीवर, एक पाय लांब करून, चष्मा कपाळावर चढवून सर बसलेले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारले.

"गुरुवार, सर."

"मग बरोबर आहे. बैस."

चौतीस वर्षांचा हिशोब एवढ्यावर मिटला. मी बसलो, आणि त्यांनी पानांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकविला. तासाभराने, मान वर न करता, त्यांनी विचारले, "आजींची पोथी कुठं आहे रे? ती मातीचा पट्टा असलेली?"

मी म्हणालो, "वाडा पाडला तेव्हा कुठं गेली कळत नाही, सर. शोधली पाहिजे."

हे खोटे होते. १९९१ साली वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा मी नागपूरहून चार दिवसांच्या रजेवर आलो होतो. पन्नास वर्षांचे सामान, आणि नव्या जागेत तीन खोल्या. रद्दीवाला दारात ताजवा घेऊन बसला होता. पोथी माझ्याच हाताला लागली. रुमाल सोडून मी ती पाहिलीही. कडा काळवंडलेल्या, कसर लागलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. घरात ती आता कोणाला वाचता येणार, असे मी स्वतःशी म्हटले. मला वाचता येत होती हे सोयिस्करपणे विसरलो. बँकेच्या जुन्या परिपत्रकांबरोबर मी ती ताजव्यात ठेवली. रुमाल चांगला होता म्हणून ठेवून घेतला. तो पुष्कळ वर्षे आमच्या घरात होता.

त्यानंतर मात्र मी दर गुरुवारी सरांकडे जात असे. आम्ही शांतिपर्व वाचावयास घेतले होते. ते वाचता वाचता त्यांची दृष्टी मंदावली; मग मी वाचावे आणि त्यांनी क्रियापद कोठे आहे ते विचारावे. त्या एकोणीस वर्षांत पोथीविषयी त्यांनी आणखी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी "अजून नाही" असेच म्हणालो. अपराध कबूल करण्याची एक वेळ असते. ती टळली म्हणजे खोटे बोलणे हा नुसता शिरस्ता होतो, त्याला काही धैर्यही लागत नाही. एकदा, बहुधा २०१५ साली, मी सांगावयाचे ठरवून गेलो होतो. पण त्या दिवशी काकूंना ताप होता आणि सर स्वतः चहा करण्याच्या खटपटीत होते. ते निमित्त मला पुरले.

सरांनी स्वतःचे पुस्तक लिहिले नाही. पुस्तक होईल एवढा मजकूर खोक्यांत भरून होता. पण कोणी प्रबंध तपासावयास आणावा, कोणी प्रस्तावना मागावी, आणि यांनी नाही म्हणू नये. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "सगळ्यांची शुद्धिपत्रं केली, स्वतःचं पान लावलं नाही." त्यात थट्टा होती आणि रागही होता. तो राग बाळगण्याचा त्यांचा अधिकार होता.

चौदावा दिवस झाल्यावर काकूंनी मला ती खोकी पाहावयास बोलावले. काही कागद कसरीने गेलेले होते, काही लावता येण्याजोगे होते. तिसऱ्या खोक्यात निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. वर सरांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख, १९६६ ची. आमच्या वाड्याचा पत्ता. आणि आजीचे नाव, तिच्या माहेरच्या नावासह. खाली अकरा ओव्या, छापील पाठ वर आणि आजीचा पाठ खाली, अक्षराखाली अक्षर. वहीतली बाकीची पाने कोरी होती. केवळ अकराव्या ओवीखाली, वेगळ्या शाईने, थरथरत्या हाताने, एक ओळ होती. "पोथी शोधणे चालू आहे. मिळाल्यावर उरलेले ताडून पाहणे." खाली तारीख होती, ८ जानेवारी २००४.

काकूंनी विचारले, "काय आहे रे? मला आता चष्म्यानंही दिसत नाही." मी ती ओळ वाचून दाखविली.

"मग सापडली का पोथी?"

मी त्यांना सर्व सांगितले. ताजव्याची गोष्ट सांगितली, रुमालाचीही. त्या ऐकत राहिल्या. मला वाटले होते त्या रागावतील, किंवा "जाऊ दे" म्हणतील. त्यांनी दोन्हींतले काही केले नाही. उठून त्यांनी टेबलाच्या खणातले सरांचे पेन आणून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "लहानपणी आजीच्या मांडीशी बसून ऐकत होतास ना? त्यातलं काय आठवतंय?"

त्या दुपारी मला तीन ओव्या आठवल्या. त्या मी बाराव्या क्रमांकापासून वहीत उतरविल्या आहेत. तिसरीच्या दुसऱ्या चरणातला एक शब्द आजी कसा म्हणत असे ते नक्की सांगता येत नाही. तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढून ठेवली आहे.